पिल्लाच्या गळ्यातलं लोढणं

आमचं पिल्लू पळायचं तेव्हा त्याचे मागचे पाय पुढच्या पायांना गाठायचे आणि ओलांडून पुढं निघून जायचे. मग चारी पाय एकमेकांत अडकून ते तोंडावर आपटायचं, उठायचं, आपल्याला कोणी पाडलं हे बघायला मागं वळून एकदा भुंकायचं आणि पुन्हा सुटायचं. सरीतून, झाडांच्या बुडातून, बैलांच्या पायांखालून. चालणं म्हणून काही असतं हे त्याला माहीतच नव्हतं. आता त्याला तीन वर्षं झालीत आणि ते फक्त चालतं. पाय मोडलेला नाही, आजार नाही, म्हातारपण तर नाहीच. त्याचं पळणं मी बंद केलं. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

ते आमच्या घरी आलं तेच वांग्यांबरोबर. पोळ्याच्या आधीचा घाटंजीचा बाजार होता. नवऱ्याला मी बैलांसाठी नव्या वेसणी आणि दोन किलो वांगी आणायला पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा मोटरसायकलच्या हँडलला लटकवलेली थैली आपोआप हलत होती.

"वांगे जिते हायत का?" मी विचारलं.

त्यानं थैली माझ्यापुढं उपडी केली. आधी वांगी घरंगळली, त्यांच्यामागून एक काळं, कान पडलेलं, दोन मुठींएवढं पिल्लू. वांगी ओली होती.

"धुतले का झालं," नवरा म्हणाला. वेसणी आणायला तो साफ विसरला होता.

माझा राग नाकावर असतो. मी वांग्यांवरून बोलले, वेसणींवरून बोलले, मग या घरात आधीच खाणारी तोंडं किती आहेत त्यावरून बोलले. पिल्लू तेवढ्या वेळात माझ्या चपलेवर जाऊन झोपलं. आमची मुलगी यवतमाळला होस्टेलवर राहून शिकते. तिनं त्याच रात्री फोनवर सतरा नावं सुचवली आणि मी सतराही नाकारली. कुत्र्याला कशाला हवं नाव, राहणार किती दिवस, असं माझं म्हणणं होतं. त्यामुळं ते पिल्लूच राहिलं. अजूनही पिल्लूच आहे.

आमचं शेत कोरडवाहूच म्हणायचं, पण विहिरीजवळच्या दोन एकरांत ठिबकच्या नळ्या अंथरल्या आहेत. पिल्लाला दात यायला लागले तेव्हा त्यानं पहिला प्रयोग त्या नळ्यांवर केला. चावता चावता नळी फुटली आणि पाण्याची धार सरळ नाकात गेली. ते तीन कोलांट्या खाऊन मागं पडलं, उठलं आणि नळीवर अर्धा तास भुंकलं. मी म्हटलं, चला, अद्दल घडली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच नळीपाशी, पण या वेळी दबकत दबकत, मागच्या बाजूनं. जणू नळीला कळू द्यायचं नव्हतं. नळी पुन्हा फुटली, धार पुन्हा नाकात. असं चार दिवस चाललं. नवरा नळी जोडून जोडून कंटाळला आणि मी ओरडून ओरडून. फोनमध्ये मात्र मी त्याचे व्हिडिओ काढून ठेवत होते, मुलीला पाठवायला. ती तिकडं हसायची ते ऐकायला मला बरं वाटायचं.

साडीचा किस्सा तर मी आजही सांगायला लागले की नवरा उठून बाहेर जातो. आमच्याकडं रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतात. वारा आला की साड्या फडफडतात आणि जनावर बिचकतं. निदान त्यानं बिचकावं अशी अपेक्षा असते. पिल्लू बिचकलं नाही. ते रोज एक साडी ओढून काढायचं, तिच्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं आणि मग बाहेर पडता येईना म्हणून तुरीत लोळायचं.

एका दुपारी नवरा डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होता. त्याला तुरीच्या सरीत माझी पोपटी साडी दिसली, आणि ती साडी हळूहळू हलत होती. ती मी चार वर्षं नेसून नेसून विटवली होती, त्यामुळं ती त्यानं लांबूनच ओळखली. पण मीच ती धुऱ्याला बांधली आहे हे काही या माणसाच्या ध्यानात नव्हतं. त्यानं भारा फेकला आणि धावत सुटला.

"काय झालं वं? काही चावलं का? डोये उघड नं! बोल नं वं काही!" असं म्हणत त्यानं गुडघ्यावर बसून पदर बाजूला केला. आतून पिल्लानं त्याचं नाक चाटलं.

मी दहा हातांवर, त्याच्या मागंच उभी होते. सगळं पाहत होते.

"मी अठी हाय," मी म्हटलं.

तो उठला, गुडघे झटकले, पिल्लाला एक शिवी दिली आणि भारा उचलायला गेला. आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. हा माणूस माझ्यासाठी असा धावतो, हे मला त्या पिल्लामुळं कळलं. तेवढ्यासाठी तरी मी त्याच्याशी नीट वागायला हवं होतं.

दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला. पहिल्या वेच्याचा कापूस आम्ही घरातल्या पुढच्या खोलीत रचून ठेवतो. एका संध्याकाळी पिल्लू सापडेना. नवरा विहिरीत वाकून पाहून आला, रस्त्यापर्यंत जाऊन आला. मी गोठा पालथा घातला आणि गेलं तर गेलं, असं मोठ्यानं म्हणत पुन्हा एकदा गोठा पालथा घातला. शेवटी दोघंही थकून पुढच्या खोलीत येऊन बसलो तेव्हा कापसाचा ढीग शिंकला. नवरा दचकून उभा राहिला. ढीग परत शिंकला. मग वरून एक पांढरं डोकं बाहेर आलं, कान कापसानं भरलेले, आणि आमच्याकडं पाहून आळस देत जांभई दिली. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते ती त्यालाही सुटली. रात्रभर ते खाजवत होतं आणि त्याचा मागचा पाय दाराच्या फळीवर आपटत होता. मी दोनदा उठून त्याला खोबरेल तेल लावलं.

हे सगळं सांगताना मला हसू येतं आणि लगेच ते जातं. कारण यानंतरचं जे आहे ते माझ्या हातचं आहे.

कापूस वेचायला बाया लागतात, आणि त्या वर्षी बाया मिळत नव्हत्या. लोक गावोगाव गाड्या पाठवून वेचणीला बाया नेत होते. आमच्याकडं मात्र दरवर्षी एक टोळी न बोलावता यायची, आणि टोळीच्या पुढं साठीकडं झुकलेली एक मावशी असायची. बोलायला फटकळ, हाताला भलतीच चलाख. तिच्या शब्दावर बाकीच्या बाया यायच्या आणि तिच्याच शब्दावर जायच्या. दुसऱ्या वेच्याला त्या आल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं. झाडावर फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो पिवळा पडतो, मातीला मिळतो, मग त्याला कोणी विचारत नाही. वर्षभराची मेहनत त्या आठ-दहा दिवसांवर आलेली होती. मला रात्री झोप नव्हती.

पहिल्याच दिवशी पिल्लानं मावशीचं जेवण खाल्लं. झाडाखाली फडक्यात दोन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधलेला होता. त्यानं भाकरी संपवल्या आणि काही शिल्लक ठेवायचं नाही म्हणून ठेचाही संपवला. मग त्यानं जी किंकाळी फोडली ती ऐकून बाया उभ्या राहिल्या. ते नाक मातीत खुपसून गरगर फिरलं, शिंकलं, आणि शेवटी बैलांच्या पाण्याच्या टाक्यात जाऊन बसलं, फक्त डोकं बाहेर. बायांची हसून हसून पोटं दुखली. मावशीही हसली. मी तिला माझ्या डब्यातलं वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती हसली नाही. वेचताना बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात, तिच्यात कापूस साठत जातो. पिल्लाला ती ओटी म्हणजे आपल्यासाठीच बांधलेलं खेळणं वाटलं. ते मागून आलं, ओटीचं टोक दातात धरलं आणि उलटं पळालं. गाठ सुटली. दोन तासांचा कापूस ओल्या मातीत, पाल्यात पसरला. वेचणी किलोवर असते, त्यामुळं ते नुकसान मावशीचं होतं, माझं नाही. तिनं तो पाला-माती काढत निवडून उचलला. तिसऱ्या दिवशी ते नाल्यातून चिखलाच्या पायांनी आलं आणि धुऱ्यावर चादरीत जमा केलेल्या ढिगावर मनसोक्त नाचलं.

"वो वयनी," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुत्र्याले आवरा, नाहीतं उद्यापासून आमी दुसऱ्याच्या वावरात जातो. दिवसभर कापूस वेचावं का तुमच्या कुत्र्याच्या मांगं पयावं? बांधा त्याले!"

सगळ्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. आभाळाचा रंग शिशासारखा झाला होता. मी पिल्लाला कानाला धरून नेलं आणि गोठ्यात खांबाला बांधलं. अर्ध्या तासात ते दावं कुरतडून परत बायांमध्ये. साखळी आणायची तर घाटंजीला जायला हवं होतं, जाऊन येऊन दोन तासांचं काम. ते दोन तास मला देववले नाहीत. आज वाटतं, मी तेव्हा फक्त साखळी आणायला गेले असते तर.

माझ्या माहेरी एक ओढाळ गाय होती. सोडली की दुसऱ्याच्या पिकात. माझ्या वडिलांनी तिच्या गळ्यात लोढणं बांधलं होतं, म्हणजे मांडीएवढं लाकूड दोरानं असं लटकवायचं की चालताना ते नुसतं हलतं आणि पळायला गेलं की गुडघ्यांवर आपटतं. गाय महिन्याभरात वठणीवर आली. सगळे आपापल्या ओढाळ गुरांना तेच करत, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला ते आठवलं. मी जळणातून बाभळीचा हातभर लाकडाचा तुकडा काढला, जुन्या दाव्याचा दोर घेतला आणि पाच महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात बांधला. माहेरची ती गाय पूर्ण वाढलेली होती, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. रागात माझ्या डोक्यात फार काही येतच नाही.

"अवं, ढोर हाय का ते?" नवरा म्हणाला.

"ढोरापेक्षा वाईट हाय," मी म्हटलं. "आठ दिवस राहू द्या. वेचा झाला का काढू."

पिल्लानं आधी लाकडाचा वास घेतला. मग नेहमीसारखं पळायला गेलं. लाकूड नडग्यांवर आपटलं आणि ते तोंडावर पडलं. उठलं, मागं वळून भुंकलं, पळालं, पुन्हा पडलं. बाया हसल्या. मीही हसले. मी त्याचा व्हिडिओही काढला आणि मुलीला पाठवला. ती हसली नाही. तिचा लगेच फोन आला.

"आई, काढ ते."

"अगं, आठ दिवसांसाठी आहे."

"त्याला लागतंय. दिसत नाही का तुला?"

मला दिसत नव्हतं असं नाही. त्यानंतर ती व्हिडिओ कॉलवर पिल्लाला दाखव म्हणाली की मी फोन त्याच्या तोंडाजवळ धरायची, म्हणजे मानेखालचं काही दिसू नये. काढलं का, असं तिनं एकदा विचारलं. मी काढलं म्हणून सांगितलं.

पाऊस आला नाही. आभाळ आलं तसं गेलं आणि कापूस कोरडाच घरी आला. दुसरा वेचा झाला त्या दिवशी नवऱ्यानं लोढणं काढलं होतं, हेही सांगायला हवं. पिल्लू सुटलं ते सरळ बायांच्या ओट्यांकडं. मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. अजून तिसरा वेचा बाकी आहे, पुढच्या वर्षी या बाया फिरकणार नाहीत, सगळं मलाच निस्तरावं लागतं, असं बरंच काही. आणि मीच ते परत बांधलं, आधीपेक्षा जरा आवळून. नवऱ्यानं हात झटकले.

"तुह्या मतानं कर," तो म्हणाला. मग त्यानंही त्या लाकडाला कधी हात लावला नाही.

तिसरा वेचा झाला. मग तूर कापायला आली. तूर झाली तसा हरभरा. दरवेळी मी म्हणायची, एवढं आटपलं की काढू. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं झालं होतं. नळ्या शाबूत होत्या. साड्या जागच्या जागी होत्या. डबा कुठंही ठेवावा, कोणी तोंड लावत नव्हतं. पिल्लू माझ्या मागं मागं यायचं, सावकाश, आणि त्याच्याबरोबर लाकडाचा टक टक आवाज. सुरुवातीला तो आवाज मला टोचायचा. नंतर ऐकू येणंच बंद झालं.

होळीच्या आधी मावशी आली. आमच्याकडं कापूस उलंगला, म्हणजे संपला, की उभ्या पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, जळणासाठी बाया नेतात, त्यासाठी ती विळा घेऊन आली होती. पिल्लू तिला पाहून उठलं आणि चालत तिच्याकडं गेलं. पाय फाकवून, दर पावलाला मान डावीकडं टाकत, म्हणजे लाकूड बाजूला सरकावं. मावशी तिथंच थांबली.

"हे काय वो वयनी? अजून?"

"तुमीच तं म्हणल्या होत्या," मी म्हटलं.

"म्या?" तिचा आवाज चढला. "माह्या ओटीले झोंबलं म्हणून म्या रागात बोलली. वेचणीपुरतं बांधा म्हणलं. वेचणी सरून किती दिवस झाले? आन् लाकूड टांगा असं मी कवा म्हणलं? लेकरू हाय ना ते!"

ती खाली बसली. मीही बसले आणि तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. बांधलं तेव्हा लाकूड जवळजवळ जमिनीला टेकत होतं. आता ते बरोबर गुडघ्यांपाशी लटकत होतं. दोर तेवढाच होता, पिल्लू वाढलं होतं. एवढं वाढलं आणि मला कळलं नाही. दोन्ही गुडघ्यांवर केस नव्हते, कातडी कडक आणि काळी पडली होती. गळ्यातला दोर केसांत रुतून दिसेनासा झाला होता. मावशीनं एक बोट आत घालून विळ्यानं तो हळूच कापला. पिल्लू हललं नाही. लाकूड पडलं.

"जाय," मावशी म्हणाली. "पय आता. पय रे बाप्पा."

पिल्लू उभं राहिलं. त्यानं मान डावीकडं टाकली आणि एक पाऊल टाकलं. थांबलं. पुन्हा मान डावीकडं, पुन्हा एक पाऊल. मावशीनं टाळ्या वाजवल्या, खडा फेकला, तोंडानं आवाज काढले. ते तिच्याकडं पाहत राहिलं, शेपटी हलवत. मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि पऱ्हाट्या कापायला निघून गेली.

मला वाटलं, सवय आहे, चार दिवसांत जाईल. महिना गेला. घाटंजीच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाय दाबून, वाकवून पाहिले.

"हाडाला काही नाही," ते म्हणाले. "वाढीच्या वयात जशी चाल बसली तशी बसली. लाकूड काढल्याचं त्याला अजून समजलेलं नाही."

मग मी त्याला पळायला शिकवायचं ठरवलं. रबरी चेंडू आणला. मी तो फेकला की पिल्लू त्याच्याकडं पाहायचं, चेंडू जिथं थांबला तिथवर चालत जायचं आणि जवळ बसून राहायचं. एका सकाळी मी रिकाम्या वावरात स्वतःच पळाले, सत्तेचाळीस वर्षांची बाई, पदर खोचून, "चल रे, चल रे" ओरडत. ढेकळात पाय मुरगळून पडले. नवरा धुऱ्यावर उभा होता. तो आला, मला उठवलं. कोणी हसलं नाही. पिल्लू बऱ्याच वेळानं आमच्यापाशी पोचलं आणि माझ्या मुरगळलेल्या पायाजवळ बसलं. त्याच्या मनात माझ्याविषयी राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "केवढं शांत झालंय हे. मोठं झालं ना?" मी हो म्हटलं. तिच्या फोनमध्ये नळीवर भुंकणारं, तुरीतून उधळणारं पिल्लू अजून आहे. ती ते अधूनमधून लावून पाहते आणि हसते. मी काहीतरी काम काढून उठते.

यंदा दिवाळी झाल्यावर नाल्यापलीकडच्या वावरातले भाऊजी आले. नवऱ्याचे लांबचे भाऊ लागतात. चहा झाला, कापसाच्या गप्पा झाल्या. मग ते मुद्द्यावर आले.

"वयनी, माह्या पोट्ट्यानं कुत्र्याचं पिल्लू आणलं. लय मस्ती करून राह्यलं ते. कोंबड्याच्या मांगं काय पयते, वाळवणात काय लोळते. जीव खाल्ला त्यानं." ते पिल्लाकडं पाहत होते. "तुमचं कसं गरीब हाय. लोढणं बांधलं होतं म्हणे तुमी?"

नवरा बशीत पाहत बसला होता.

"हो," मी म्हटलं. "बांधलं होतं."

"लागते का त्यानं काही?"

मला एवढंच सांगायचं होतं की भाऊजी, बांधू नका. कारण विचारलं असतं तर कारणही समोरच बसलं होतं, गुडघे दाखवता आले असते. पण त्यांनी माझ्याकडं अशा आदरानं पाहिलं, जणू मी मोठी युक्ती जाणते. आणि ते सगळं पहिल्यापासून बोलायचं, तेही नवऱ्यासमोर, म्हणजे मी किती दिवस ऐकूनही ऐकलं नाही ते कबूल करायचं.

"नाही," मी म्हटलं. "तसं काही लागत नाही."

"मंग ठीक हाय. घरी हाय एक टुकडा, तोच बांधतो." ते उठले.

पिल्लू त्यांना पोचवायला निघालं. पाय फाकवत, मान डावीकडं टाकत, त्यांच्या मागं मागं. धुऱ्यावर जाऊन भाऊजींनी वळून पाहिलं आणि कौतुकानं हसले. "पाहा बरं, कसं माह्यासंगं निघालं! एक उडी नाही का काही नाही."

मी हात वर केला. ते नाला उतरून पलीकडं चढेपर्यंत मला त्यांना हाक मारता आली असती. मी मारली नाही.